नाव आणि वाक्य : उरणच्या मिठागरांपासून मोबाइलपर्यंत पक्षिओळखीचा इतिहास

मराठी वाङ्मयेतिहासात बखरीला स्थान आहे, प्रवासवर्णनाला आहे, कोशालाही आहे. पक्षी ओळखायला शिकवणाऱ्या पुस्तकाचा विचार मात्र वाङ्मयप्रकार म्हणून सहसा होत नाही. ते शास्त्राचे पुस्तक म्हणून ग्रंथालयाच्या दुसऱ्या दालनात ठेवले जाते. वस्तुतः इंग्रजीत ज्याला ‘फील्ड गाइड’ म्हणतात आणि ज्याला या लेखात आम्ही ‘ओळखपुस्तक’ म्हणणार आहोत, त्याचे सारे सामर्थ्य भाषेवर उभे असते. उडून जाणारी, पाने-फांद्यांआड अर्धवट दिसणारी एक गोष्ट थोड्या शब्दांत अशी सांगायची, की वाचणाऱ्याला ती दुसऱ्या कशातही मिसळून टाकता येऊ नये. वर्णनकलेची याहून कठीण परीक्षा क्वचितच असेल.

आज ऐरोलीच्या खाडीकाठी किंवा नेरूळच्या तळ्याजवळ पक्षी पाहणाऱ्यांच्या हाती असे पुस्तक कमीच दिसते. हाती मोबाइल असतो आणि त्यातले ‘मर्लिन’सारखे अ‍ॅप छायाचित्र पाहून किंवा आवाज ऐकून काही क्षणांत पक्ष्याचे नाव सांगते. या बदलाकडे तंत्रज्ञानाची झेप म्हणून किंवा वाचनाचा ऱ्हास म्हणून पाहण्याची रीत आहे. दोन्ही दृष्टी आम्हांला अपुऱ्या वाटतात. आमचा प्रश्न वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचा आहे. पक्ष्याचे नाव मिळण्याआधी पाहणाऱ्याला मनातल्या मनात जे वाक्य जुळवावे लागे, त्या वाक्याचे या प्रवासात काय झाले? हा प्रश्न नवी मुंबईच्या भूमीवर उभे राहून विचारणे सोयीचे आहे, कारण या इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याची खूण या शहरात किंवा त्याच्या आसपास सापडते.

हातातला पक्षी

एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे तो आधी मारायचा, असा रिवाज होता. टी. सी. जर्डन यांचे ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाले. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी जमवलेली पक्ष्यांची कातडी आणि अंडी १८८५ साली लंडनच्या संग्रहालयाकडे गेली, तेव्हा त्यांची संख्या सुमारे ८० हजार होती. त्या काळचे वर्णन टेबलावर ठेवलेल्या निष्प्राण पक्ष्याचे असे. पंखाची लांबी, चोचीचे माप, पिसांचा क्रम. झाडावर बसलेल्या पक्ष्याला ते लावून पाहण्याची सोय नव्हती, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

१८८३ साली मुंबईत ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते. पहिल्यांचे नाव प्रार्थना समाजाच्या इतिहासात येते. दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून सामाजिक इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असतात. याच आठांत एडवर्ड हॅमिल्टन एटकिन होते. १८५१ साली साताऱ्यात जन्मलेले एटकिन ‘ईहा’ या आद्याक्षरांच्या टोपणनावाने लिहीत. सरकारच्या मीठ व जकात खात्यातल्या नोकरीने त्यांना ठिकठिकाणी फिरवले. त्यांत उरणही होते. मिठागरांच्या बांधांवरून चालत हिशेब तपासणाऱ्या या अधिकाऱ्याने १९०० साली ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक प्रसिद्ध केले.

एटकिन यांनी आपले पुस्तक संग्राहकासाठी लिहिले नाही. आपल्या अंगणातल्या पक्ष्याविषयी कुतूहल असलेल्या सामान्य वाचकासाठी लिहिले. मोजमापांपेक्षा त्यांना पक्ष्याचा स्वभाव महत्त्वाचा वाटतो, आणि स्वभाव सांगायचा तर ललित निबंधाची वाट धरावी लागते. मुंबईच्या परिसरात ओळखपुस्तकाचा आरंभ अशा रीतीने निबंधातून झाला, ही गोष्ट वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी.

या चित्रात मराठीचे स्थान कुठे होते? मिठागरात राबणारे आगरी आणि खाडीत जाळे टाकणारे कोळी यांचा पाणपक्ष्यांशी रोजचा संबंध. जर्डनसारख्या लेखकांनी देशी नावे आवर्जून टिपली. परंतु ती शास्त्रीय नावाखाली एका ओळीत दाटीने बसलेली असत. नावे देशी भाषांकडून घेतली गेली आणि वाक्ये इंग्रजीत लिहिली गेली. ही वाटणी पुढे फार काळ टिकली.

दुर्बिणीतला पक्षी

१९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांचे ‘अ फील्ड गाइड टू द बर्ड्स’ आले आणि ओळखपुस्तकाला आजचे रूप मिळाले. सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांची चित्रे शेजारी शेजारी मांडून, वेगळेपणाच्या जागी बारीक रेघ ओढून दाखवायची, ही त्यांची युक्ती. पक्षी मारण्याची गरज संपली. दुर्बिणीतून दिसेल तेवढ्यावर निर्णय करता येऊ लागला.

आपल्याकडे हे काम डॉ. सालिम अली यांनी केले. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ची पहिली आवृत्ती १९४१ सालची. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या चिमणीचे नाव विचारायला हा मुलगा सोसायटीचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्याकडे गेला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. १९८५ सालच्या त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षकही तिच्यावरूनच आले. हातातल्या मृत पक्ष्यापासून दुर्बिणीतल्या जिवंत पक्ष्यापर्यंतचा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात असा पूर्ण झाला.

या पुस्तकातली एक पद्धत आम्हांला विशेष लक्षणीय वाटते. पक्ष्याचा आकार सांगताना सालिम अली त्याची तुलना ओळखीच्या पक्ष्याशी करतात : चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. साहित्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हे उपमान आहे. अपरिचित उपमेय समजावे म्हणून परिचित उपमान योजायचे, हा उपमेचा मूळ धर्म इथे शुद्ध उपयोगासाठी वापरलेला दिसतो. उपमान परिचित असेल तरच उपमा लागू पडते, हेही ओघाने आले. अमेरिकी पुस्तकांत ‘रॉबिनएवढा’ असे माप येते. तो रॉबिन आपल्या साळुंकीच्या जवळपास जाणारा पक्षी आहे. भारतात रॉबिन म्हणवला जाणारा चिरक त्याच्या मानाने पुष्कळच लहान. उपमान एका देशातून दुसऱ्या देशात तसेच उचलून नेले की अर्थ बिघडतो, याचे याहून सोपे उदाहरण वर्गात देता येणार नाही.

उरणच्या दक्षिणेला करंजा-धरमतरची खाडी ओलांडली की अलिबाग तालुका लागतो. तिथल्या किहीम गावी १९३० साली सालिम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. घरटे विणतो तो नर. अर्धवट विणलेले घरटे मादी येऊन पाहते. पसंत पडले तर तिथे राहते, मग नर ते पूर्ण करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे सुरू करतो. मराठीत हा पक्षी ‘सुगरण’ आहे, म्हणजे शब्दानेच स्त्री. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेने ती आईच्या कष्टाची प्रतिमा म्हणून घराघरांत पोचवली. कवितेचे सत्य त्यामुळे उणे होत नाही, कारण कवितेचा विषय आई हाच आहे. तरीही नावातल्या वर्णनाला निरीक्षणाने दुरुस्ती सुचवली, हे नोंदवले पाहिजे. परंपरेने दिलेली नावे म्हणजे केवळ शहाणपणाचा साठा, असा भाबडा निष्कर्ष काढू नये म्हणून हे उदाहरण आम्ही मुद्दाम पुढे ठेवत आहोत.

नावात दडलेले वर्णन

एवढे सावध राहूनही मराठी पक्षिनावांकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. जे वर्णन पुस्तकात लिहिले गेले नाही, ते बऱ्याच अंशी नावांतच साठवलेले आहे. सुतार, शिंपी, तांबट, परीट, कोतवाल, कुंभारकुकडा. बलुतेदारांचे आणि गावकामगारांचे सारे गाव जणू झाडांवर आणि पाणवठ्यावर वसलेले आहे. यांतले प्रत्येक नाव हे आटलेले वाक्य आहे. तांबटाचा आवाज तांब्याच्या पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीसारखा एका लयीत येतो; शिंपी पाने टाचून घरटे करतो; सुतार खोडावर टोचे मारतो. पाणथळीतल्या पक्ष्यांची नावेही अशीच : चमच्या, कुदळ्या, चिखल्या, शेकाट्या. चोचीचा आकार, पायांची काटकुळी उंची, चरण्याची जागा हे सारे एकेका शब्दात आले आहे. पीटरसन यांनी चित्रावर जी रेघ ओढली, ती मराठीने नावातच ओढून ठेवली होती, असे म्हणता येईल.

संस्कृत काव्यपरंपरेत पक्षी ओळखायची आणखी एक रीत होती, ती म्हणजे कविसमय. हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, चकोर चांदणे पितो, चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट सोसते. ही ओळख निरीक्षणावर उभी नाही. एकदा ठरलेले लक्षण कवींनी पिढ्यान्‌पिढ्या पाळायचे, असा तिचा नियम. ओळखपुस्तकाचा कल याच्या नेमका उलट असतो. प्रत्येक लक्षण प्रत्यक्ष पक्ष्यावर पुन्हा पुन्हा पडताळून पाहायचे. मराठी गद्यात या दोन रीती एकमेकींना भेटतात, त्या मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात.

चितमपल्ली (१९३२–२०२५) वनखात्यात अधिकारी होते. पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या जडणघडणीत त्यांचा वाटा होता. हे अभयारण्य १९६८ साली घोषित झाले. आजही नवी मुंबईतला पक्षिनिरीक्षक रानपक्षी पाहायला प्रथम तिथेच जातो. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘चकवाचांदण’ ही त्यांची पुस्तके ललित गद्य म्हणून वाचली जातात, परंतु त्यांचा ‘पक्षिकोश’ आमच्या विषयाच्या अधिक जवळचा. एका पक्ष्याची संस्कृत, मराठी आणि बोलीतली नावे त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. भारद्वाज, कुंभारकुकडा, सोनकावळा ही एकाच पक्ष्याची नावे. पहिले ऋषिकुलातले, दुसरे गावातले, तिसरे नुसत्या डोळ्यांनी पाहून दिलेले. ‘काकागार’, ‘सारंगागार’, ‘रातथारा’ असे शब्द त्यांच्या लेखनातून मराठी वाचकाला मिळाले. कावळ्यांची वसाहत, बगळ्यांची वीण होण्याची जागा, पक्ष्यांचा रात्रीचा मुक्काम. हे शब्द पक्ष्यांची नावे नाहीत, हे इथे लक्षात घ्यावे. पक्षी आणि जागा यांच्या नात्याला दिलेली ती नावे आहेत. या भेदाकडे आपण लेखाच्या अखेरीस पुन्हा येऊ.

यंत्रातला पक्षी

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २००२ साली ‘ई-बर्ड’ ही जगातल्या पक्षिनिरीक्षकांची सामाईक नोंदवही सुरू केली आणि २०१४ साली ‘मर्लिन’ हे अ‍ॅप आणले. मर्लिनच्या पहिल्या रूपात प्रश्नोत्तरे होती. पक्षी कुठे पाहिला, केव्हा, केवढा होता, रंग कोणते, काय करत होता? पाच उत्तरे दिली की संभाव्य पक्ष्यांची यादी समोर येई. ही सोय आजही त्यात आहे. आमच्या मते हा ओळखपुस्तक आणि यंत्र यांच्यामधला सांधा होय, कारण इथे पाहणाऱ्याला स्वतःचे वाक्य तुकड्यातुकड्यांनी का होईना, जुळवावे लागते. ‘साळुंकीहून मोठा, कावळ्याहून लहान, काळापांढरा, पाण्यात चालणारा’ हे वाक्य पुरे झाल्यावाचून नाव मिळत नाही.

पुढे छायाचित्रावरून ओळख आली आणि जून २०२१ मध्ये आवाजावरून ओळख आली. कालांतराने भारतातले पक्षीही तिच्या कक्षेत आले. इथे वाक्याची गरज उरली नाही. यंत्र वर्णन करत नाही, जुळवणी करते. त्याला शिकवण्यासाठी हजारो छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे वापरली गेली, आणि कोणत्या मुद्रणात कोणता पक्षी कोणत्या क्षणी बोलतो आहे, हे माणसांनी हाताने खुणा करून आधी दाखवून दिले. म्हणजे माणसाचे ऐकणे त्यात आहेच; फक्त ते वापरणाऱ्याला दिसत नाही.

त्यांच्या कर्तृत्वाचा प्रश्नही इथे उभा राहतो. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’च्या मुखपृष्ठावर एका माणसाचे नाव होते. मर्लिनला असा एक ग्रंथकर्ता नाही. एखाद्या ठिकाणी, एखाद्या आठवड्यात कोणता पक्षी दिसण्याचा संभव किती, हे ते ई-बर्डवरच्या याद्यांवरून ठरवते. पाणजे किंवा सीवूड्सच्या पाणथळीवर कोणीतरी पहाटे उठून केलेली यादी पुढल्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या मोबाइलमधल्या उत्तराचा आधार होते. जात्यावरच्या ओव्यांना जसा एक कर्ता नसतो आणि तरी प्रत्येक दळणारणीने त्यात भर घातलेली असते, तसाच हा काहीसा प्रकार आहे. या सामूहिक नोंदींचे मोल लहान नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ सालच्या अहवालात ९४२ पक्षिजातींचा आढावा घेतला गेला, तो सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींच्या बळावर.

अ‍ॅपचा दुसरा गुण म्हणजे ते बदलू शकते. हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलावर येणाऱ्या ‘लेसर सँड प्लोव्हर’ या चिखल्याची २०२३ साली दोन जातींत विभागणी झाली, सैबेरियन आणि तिबेटी. छापील पुस्तकात जुनेच नाव राहिले. यंत्रातली यादी मात्र लगेच बदलली. कोशकारांना ज्या नव्या आवृत्तीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, ती इथे दरवर्षी निघते.

त्याच्या मर्यादाही त्याच्या रचनेतून येतात. कर्नाळ्याच्या रानात पल्लवपुच्छ कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. जुळवणी करणारे यंत्र नक्कल झालेल्या पक्ष्याचे नाव सांगण्याचा संभव असतो. अशा वेळी आवाजांची सरमिसळ, मध्येच येणारे कोतवालाचे स्वतःचे खरखरीत बोल आणि झाडामागून दिसलेल्या शेपटीच्या दोन लांब तारा यांची संगती लावणारा माणूसच उपयोगी पडतो. संगती लावणे हे वाक्याचे काम आहे.

आवाज आणि भाषा

आवाजाच्या बाबतीत हा बदल सर्वांत खोल आहे. पक्ष्याचा आवाज लक्षात ठेवायचा तर माणसाने आजवर तो आपल्या भाषेत बोलवून घेतला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एक पक्षी चढत्या पट्टीत एकच बोल पुन्हा पुन्हा ओरडत राहतो. मराठी शेतकऱ्याला तो ‘पेरते व्हा’ असा ऐकू येतो, म्हणून तो पावशा. हिंदी भाषकाला तोच बोल ‘पी कहाँ’ असा, विरहाचा वाटतो. बंगालीत तो ‘चोख गेलो’ म्हणतो, म्हणजे माझे डोळे गेले. भारतातल्या इंग्रजांना त्यात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आला. उष्म्याने त्रासलेल्या साहेबाला तो तापाचा पुकारा वाटला. पक्षी एकच, आवाज एकच. ऐकणाऱ्याने त्यात पेरणी ऐकली, विरह ऐकला, दुखणे ऐकले. भाषा जग कसे कापून घेते, हे शिकवण्यासाठी परदेशी सिद्धान्तांकडे धावण्याआधी या एका पक्ष्यापाशी थांबायला हरकत नाही.

आवाज ओळखणारे अ‍ॅप यांतले काहीच ऐकत नाही. ते आवाजाचे चित्र करते. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर स्वराची उंची. मग त्या चित्राची जुळवणी शिकलेल्या चित्रांशी करते. ही रीत निःपक्षपाती आहे आणि म्हणूनच ती किहीमपासून कॅलिफोर्नियापर्यंत सारखीच चालते. पाहणाऱ्याला मात्र ती त्याच्या भाषेत काही देत नाही. ‘पेरते व्हा’ ऐकणारा माणूस पक्षी ओळखतो, ऋतू ओळखतो आणि आपले काम ओळखतो. पडद्यावर उमटणारे नाव यांतली पहिली ओळख अचूकपणे करून देते. उरलेल्या दोन तिच्या कक्षेत नाहीत. हा अ‍ॅपचा दोष म्हणता येणार नाही, कारण ते काम त्याच्याकडे कोणी सोपवलेलेच नव्हते.

नावांच्या बाबतीतही काही असेच आहे. ई-बर्डवर पक्ष्यांची नावे मराठीत पाहण्याची सोय आहे, ही आनंदाची गोष्ट. पण यादीची रचना अशी, की एका जातीसमोर नावाची जागा एकच. तिथे भारद्वाज आला की कुंभारकुकडा आणि सोनकावळा यांना जागा उरत नाही. प्रमाणभाषा घडताना बोलींचे जे होते, तेच इथे पक्षिनावांचे होते. प्रमाण नाव हवे, याविषयी दुमत नाही. त्यावाचून सामाईक नोंद अशक्य आहे. परंतु ‘पक्षिकोश’ ज्या अनेकत्वाचा सांभाळ करतो, ते यादीत मावत नाही, हे ओळखून त्याची वेगळी सोय आपणच केली पाहिजे.

नाव पुरेसे आहे काय?

आता नवी मुंबईच्या खाडीकडे वळू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या गावांच्या भूमीवर, मिठागरे आणि खाजणांच्या काठाने, नवे शहर उभे राहू लागले. त्याच खाडीच्या पश्चिम काठी, ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान, २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

या दर्जाचा आणि पक्षिओळखीचा संबंध थेट आहे. रामसर कराराच्या निकषांत दोन निकष आकड्यांचे आहेत. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २० हजार किंवा अधिक पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या वा उपजातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी तिथे असतील, तर तिचे आंतरराष्ट्रीय महत्त्व मानले जाते. दुसरा निकष लावायचा तर जात अचूक ओळखता आली पाहिजे. खाडीत रोहित पक्षी दोन प्रकारचे येतात. मोठा रोहित उंच, अंगाने फिका, चोच फिकट गुलाबी आणि टोकाशी काळी. लहान रोहित बुटका, अधिक गडद, चोच काळपट तांबडी. ‘गुलाबी पक्ष्यांचा थवा’ एवढ्यावर १ टक्क्याचा हिशेब होत नाही. नाव इथे कायद्याला आणि धोरणाला लागणारा पुरावा आहे. अ‍ॅपने हा पुरावा गोळा करण्याचे सामर्थ्य शेकडो सामान्य नागरिकांच्या हाती दिले, म्हणून त्याचे ऋण मानलेच पाहिजे.

पण ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे दिवसाचे वेळापत्रक नुसत्या नावाने उलगडत नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते तिथे चरतात. भरतीला चिखल बुडतो. मग ते उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर, पाणथळींवर येऊन पाणी उतरेपर्यंत थांबतात. यांतल्या कित्येक जागा अभयारण्याच्या नकाशाबाहेर आहेत. तिथे आत-बाहेर करणाऱ्या भरतीच्या पाण्याची वाट बुजली किंवा तळ्यावर भराव पडला, तर अभयारण्य कागदावर जसेच्या तसे राहते आणि पक्ष्यांचा दिवस मोडतो. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ अशी आपली म्हण आहे. लहानाच्या पराक्रमाचे कौतुक करणारी. इथे समुद्र माणसाने भरावाने मागे रेटला, आणि टिटवीला जागा शोधत फिरावे लागते.

या तळ्यांचे महत्त्व सांगायचे तर ‘लहान रोहित’ हे नाम पुरत नाही. वाक्य लागते : भरतीला चिखल बुडाला की हे पक्षी या तळ्यावर येऊन थांबतात, आणि हे तळे नसेल तर चिखल असूनही उपयोग नाही. ओळखपुस्तक आणि अ‍ॅप दोन्ही पक्ष्याला एकेकटे, पार्श्वभूमीपासून सोडवून दाखवतात. तशी त्यांची रीतच आहे. पक्षी, पाणी आणि जागा यांचे नाते सांगणारा शब्द त्यांच्या रचनेत बसत नाही. चितमपल्लींनी ‘रातथारा’ हा शब्द मराठीला दिला, तेव्हा नेमके असेच एक नाते बोलण्याजोगे झाले. त्याच चालीवर नेरूळच्या तळ्यांना ‘भरतीथारा’ म्हणावे, असे आम्ही सुचवतो. इंग्रजी अहवालांत या कल्पनेला शब्द आहे. मराठीत तो रुळला, तर सोसायटीच्या बैठकीत, शाळेच्या निबंधात आणि महापालिकेला पाठवायच्या अर्जात त्या जागेविषयी एका शब्दात बोलता येईल. ज्या जागेला नाव नसते, तिला ‘पडीक जागा’ म्हणणे सोपे जाते.

म्हणून अ‍ॅप वापरू नये, असा सल्ला आम्ही देणार नाही. ते वापरावे, पण त्याच्या आधी आणि नंतर थोडे मराठी लिहावे. बटण दाबण्यापूर्वी दोन ओळींत पक्षी सांगून पाहावा : केवढा, कशासारखा, काय करतो, कुठे. नाव मिळाल्यावर गावात, घरात, खाडीकाठच्या वस्तीत त्याला आणखी काय म्हणतात, हे विचारावे. ई-बर्डच्या यादीत प्रत्येक पक्ष्यासमोर टिपणासाठी मोकळी जागा असते. तिथे मराठीत लिहायला कोणाची आडकाठी नाही. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एका सत्रापुरता तरी हा उपक्रम हाती घ्यावा. वर्णनलेखनाचा याहून चांगला सराव मिळणार नाही, आणि एटकिन उरणच्या मिठागरांवर होते त्या काळापासून इंग्रजीतच लिहिली गेलेली ती वाक्ये थोड्या उशिरा का होईना, मराठीत जमू लागतील.